आग विझवणारी आगबोट: बफेलोची 'एडवर्ड एम. कॉटर'

नदीकाठ

नायगारा बघायला आलेले आपले लोक बफेलो विमानतळावर उतरतात, गाडीत बसतात आणि थेट धबधब्याकडे जातात. बफेलो शहर बघायचं राहूनच जातं. मी गेली अकरा वर्षं या गावात राहते. माझ्याकडे जो पाहुणा येतो त्याला धबधबा दाखवून झाला की मी ओहायो स्ट्रीटवर नेते. तिथे बफेलो नदीच्या काठाला अग्निशमन दलाचं एक ठाणं आहे आणि त्याच्या धक्क्याला एक लाल-पांढरी बोट बांधलेली असते. ११८ फूट लांब, २४ फूट रुंद. नाव 'एडवर्ड एम. कॉटर'. बांधली १९०० साली, आणि आजही नोकरीवर आहे. कामावर असलेली जगातली सगळ्यात जुनी अग्निशमन बोट अशी तिची ओळख आहे.

माझी आई आली होती तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे ही आगबोटच की गं?" मी आधी नाही म्हणाले, मग थबकले. आपल्याकडे वाफेवर चालणारी ती आगबोट, जशी आगगाडी. पोटात आग पेटवून चालणारी. आणि ही बोट १९०० ते १९५२ अशी बावन्न वर्षं वाफेवर चालली, ती आग विझवायला. आईचा शब्द दोन्ही बाजूंनी बरोबर निघाला. म्हणून मायबोली संकेतस्थळावरच्या चर्चेच्या या धाग्याला तेच नाव दिलंय.

अशी बोट लागायचीच कशाला, हे समजायला नदीकाठचं गाव समजून घ्यावं लागतं. १८२५ साली ईरी कालवा झाला आणि बफेलो त्याच्या पश्चिम टोकाचं गाव बनलं. मोठ्या सरोवरांतून गलबतं गहू घेऊन यायची, इथे माल उतरायचा आणि कालव्याच्या होड्यांतून न्यूयॉर्ककडे जायचा. पूर्वी पोती पाठीवरून उतरवायचे. १८४२ साली जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने वाफेच्या इंजिनावर फिरणारा पट्टा आणि त्याला लावलेल्या बादल्या असं यंत्र बसवलं. गलबताच्या पोटातून धान्य उपसून थेट उंच कोठारात. त्यांना इथे एलिव्हेटर म्हणतात. बघता बघता नदीच्या दोन्ही काठांना असली कोठारं उभी राहिली, आणि सुरुवातीची सगळी लाकडाची.

पिठाच्या गिरणीत उन्हाच्या तिरिपेत पिठाचे कण तरंगताना आपण पाहिलेत. तसलीच धूळ, पण सात-आठ मजली बंद इमारतीत भरून राहिलेली. एक ठिणगी पुरते, आणि नुसती आग लागत नाही तर स्फोट होतो. त्यात कोठारं बांधलेली पाण्याला अगदी चिकटून, कारण गलबत भिंतीला लागलं पाहिजे. १९०० साली आगीचे बंब घोडे ओढायचे. रस्त्याच्या बाजूने ते पोचायचे, पण नदीच्या बाजूची भिंत पेटली तर तिकडे जाणार कोण? तिथे पाण्यातूनच जावं लागायचं.

त्यासाठी न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावी क्रेसेंट शिपयार्डमध्ये ही बोट बांधून घेतली. तेव्हा तिचं नाव 'विल्यम एस. ग्रॅटन' होतं.

२८ जुलै १९२८ हा तिचा काळा दिवस. कच्चं तेल भरलेला 'जेम्स एफ. कॅहिल' नावाचा तराफा पेटला होता. ग्रॅटन तो विझवायला गेली आणि पाण्यावर पसरलेल्या जळत्या तेलाने तिलाच घेरलं. माणसांनी नदीत उड्या टाकल्या. मुख्य इंजिनियर गेला, बरेच जण भाजले. बोट जळून बसली. ती तशीच भंगारात गेली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण शहराने तिला गोदीत ओढून नेलं आणि पुन्हा बांधली. १९३० नंतर ती परत त्याच ठाण्यावर उभी होती. ज्या बोटीवर सहकारी गेला त्याच बोटीवर पुन्हा ड्युटी करणाऱ्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९५२-५३ मध्ये तिला विस्कॉन्सिनमधल्या स्टर्जन बे इथे नेऊन वाफेचं सगळं सामान काढलं आणि डिझेल इंजिनं बसवली. परत आली ती 'फायरफायटर' नावाने. १९५४ मध्ये पुन्हा नाव बदललं. एडवर्ड कॉटर हे बफेलोच्या अग्निशमन दलातले जवान आणि त्यांच्या कामगार संघटनेचे पुढारी. कुठल्या महापौराचं किंवा कमिशनरचं नाव न देता युनियनच्या माणसाचं नाव दिलं, हे मला फार आवडतं.

७ ऑक्टोबर १९६० ला सरोवरापलीकडे कॅनडात पोर्ट कोलबोर्न गावी मेपल लीफ गिरणीचं कोठार पेटलं आणि तिथून मदतीची हाक आली. कॉटर ही नदीतली बोट. ईरी सरोवर फारसं खोल नाही, म्हणून तिथे वारा सुटला की लाटा झटकन उभ्या राहतात. तरी ती गेली. अमेरिकेच्या अग्निशमन बोटीने सीमा ओलांडून दुसऱ्या देशातली आग विझवायला जाण्याची ही पहिली वेळ मानतात. १९९६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

आता माझा खरा मुद्दा. धान्याचा धंदा ओसरला. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाला आणि जहाजं बफेलोला न थांबता थेट समुद्राकडे जाऊ लागली. कोठारं ओस पडली. मग ही बोट कशी टिकली? मला वाटतं, ती बर्फाने टिकवली. हिवाळ्यात नदी गोठते. अचानक ऊब आली की वरच्या ओढ्यांतला बर्फ सुटून खाली येतो, खालच्या गोठलेल्या नदीला अडून थांबतो आणि दक्षिण बफेलोच्या घरांत पाणी शिरतं. म्हणून कॉटर नदीत फेऱ्या मारून बर्फ फोडते.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते ओहायो स्ट्रीटच्या पुलावरून. जानेवारी, पारा शून्याखाली बारा, हातमोज्यांतून बोटं दुखत होती. खाली नदी म्हणजे पांढरा रस्ता. बोट आधी मागे सरकली, तिच्यामागे काळं पाणी उघडं पडलं. मग इंजिनाचा आवाज जड झाला आणि ती पुढे आली. नाक बर्फावर थोडं उचललं गेलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि वजनाने खाली बसलं. त्याबरोबर नदीला या काठापासून त्या काठापर्यंत तडा गेला. जात्याची तळी घासावी तसा आवाज, तो पुलाच्या कठड्यातून माझ्या तळहातात आला. बर्फाच्या लाद्या उभ्या होऊन एकमेकींवर सरकत होत्या. बोट पुन्हा मागे गेली. पुन्हा पुढे. कुठे घाई नाही. शेतकरी नांगर वळवून पुढच्या तासाला लागतो तसं.

मायबोलीकरांपैकी कुणी बोटींवर, बॉयलरवर किंवा अग्निशमन दलात काम केलंय का? वाफेच्या काळात हे काम कसं चालत असेल ते मला समजून घ्यायचंय.

केशर

किती सुंदर लिहिलंयस! मी दोनदा नायगाऱ्याला जाऊन आले आणि यातलं काहीच माहीत नव्हतं. साधा प्रश्न: ही बोट पाणी फेकते किती?

नदीकाठ

धन्यवाद केशर. मिनिटाला १५,००० गॅलन, म्हणजे साधारण ५७,००० लिटर. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांत येणारा टँकर दहा हजार लिटरचा असतो, तर दर मिनिटाला साडेपाच टँकर रिकामे होतील एवढं. आणि टँकर परत भरून आणायचा प्रश्न नाही, पाणी बोटीच्या खालीच आहे. ते तळातून ओढून घ्यायचं आणि वर पितळी नळकांड्यांतून फेकायचं, किंवा रबरी पाइप जोडून काठावरच्या बंबांना पुरवायचं. इथल्या थंडीत रस्त्यावरचे नळ गोठतात, पण नदी बर्फाखाली वाहतीच असते.

बॉयलरवाला

नदीकाठताई, धागा वाचून राहवलं नाही म्हणून टंकतोय. मी पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांच्या बॉयलर हाऊसमध्ये एकतीस वर्षं काढली. बोटीवर कधी काम केलं नाही, पण वाफ सगळीकडे वाफच.

ज्यांना बॉयलर म्हणजे काय ते डोळ्यांसमोर येत नाही त्यांनी घरचा तांब्याचा बंब आठवावा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, वरून धूर, खाली राख. आग आणि पाणी यांच्यामध्ये फक्त पत्रा. जितका पत्रा जास्त तितकं पाणी लवकर तापणार, म्हणून मोठ्या बॉयलरमध्ये एका नळीच्या जागी शेकडो नळ्या असतात. फरक एवढाच की बंबाचं तोंड उघडं असतं आणि बॉयलर बंद. गंमत बघा, आगीच्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो. पोर्तुगीज 'बॉम्बा', म्हणजे पंप, त्यावरून आलेला शब्द. ताईंच्या बोटीवर दोन्ही बंब एकाच ठिकाणी होते!

आता खरी अडचण सांगतो. आमच्याकडे गळीत हंगामाआधी बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. पूजा होते, नारळ फुटतो, पाहुणे पेढे खाऊन जातात, आणि आमचं काम तिथून सुरू होतं. थंड बॉयलर एकदम पेटवता येत नाही. पत्रा जाड, नळ्या पातळ, दोघं वेगवेगळ्या गतीने फुगतात. घाई केली की सांधे गळायला लागतात, पाण्याचे थेंब जाळात पडतात, आणि मग सगळं विझवून परत पहिल्यापासून. म्हणून दमाने, तासन्‌तास. आगीची वर्दी आली तर कोण तासन्‌तास थांबणार?

त्यामुळे अशा बोटीवरची आग कधी विझवायचीच नाही. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, रात्री, सणावाराला, पेटती ठेवायची. काम नसेल तेव्हा निखारे मागे ओढून ओल्या बारीक कोळशाने झाकायचे. आम्ही त्याला आग दाबून ठेवणं म्हणतो. वाफेचा काटा थोडा खाली उतरू द्यायचा पण बसू द्यायचा नाही. घंटा झाली की वरचा थर फोडायचा, हवा सोडायची, नवा कोळसा पातळ पसरायचा, आणि काही मिनिटांत काटा वर. हे बोलायला सोपं आहे. दाबलेल्या आगीवर सतत नजर ठेवावी लागते. जास्त दाबली तर मरते, कमी दाबली तर कोळसा फुकट जातो.

अजून एक. बोटीवर एकच वाफ दोन कामांना. इंजिनालाही तीच आणि पंपालाही तीच. पंप पूर्ण सोडला की बोट ढकलायला वाफ कमी. आणि एवढं पाणी पुढे फेकलं की बोट मागे सरकणार, म्हणजे इंजिन पुढे चालवूनच तिला एका जागी धरावं लागणार. सुकाणूवाला वरून ओरडणार 'पुढे', पंपवाला ओरडणार 'वाफ', आणि खाली फावडं मारणाऱ्याला वर काय चाललंय ते दिसतही नसणार. १९२८ मध्ये गेलेले ते मुख्य इंजिनियर. त्यांची जागा खालीच. वर आग लागली की वरच्यांना उडी मारता येते. खालच्याला आधी शिडी चढावी लागते. मी हे वाक्य लिहिताना थांबलो होतो.

आगवाल्याचा_नातू

बॉयलरवाले काका, शेवटच्या ओळींनी अंगावर काटा आला.

माझे आजोबा मुंबई-गोवा किनाऱ्यावरच्या आगबोटींवर आगवाला होते. आगवाला म्हणजे भट्टीत कोळसा घालणारा. त्याच्यावर तेलवाला, खाली कोळसेवाला, सगळ्यांवर सारंग. गंमत म्हणजे इंग्रजीत बोटीवरच्या आगवाल्याला 'फायरमन' म्हणतात, आणि आग विझवणाऱ्यालाही 'फायरमन'. म्हणजे कॉटरवर दोन्ही जातीचे फायरमन एका छपराखाली काम करत असणार, एक आग जगवणारा, एक मारणारा.

आजोबांच्या उजव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत केस नव्हते, कधी उगवलेच नाहीत. भट्टीचं दार उघडलं की तो हात पुढे असायचा. म्हातारपणीही ते चुलीत लाकूड सारताना दुसरा हात चेहऱ्यासमोर धरायचे. आमची आजी त्यांना चुलीजवळ बसू द्यायची नाही, कारण जाळ नीट लागला नसेल तर ते सगळी लाकडं काढून पुन्हा रचायचे. भरती-ओहोटी, बंदर, प्रवासी यांच्या गोष्टी ते कधी सांगायचे नाहीत, कारण त्यांनी त्या पाहिल्याच नव्हत्या. दाभोळ आलं की रणपार आलं, हे त्यांना इंजिनाच्या घंटेवरून कळायचं.

ताई, त्या बोटीवरच्या जुन्या आगवाल्यांची नावं ठाण्यात कुठे लावलीत का?

पावसाळी_सिॲटल

आमच्या गावची बहीण सांगतो. 'ड्युवॉमिश', १९०९ ची, लांबी १२० फूट, तीही वाफेची. आता लेक युनियन पार्कमध्ये कायमची बांधलेली आहे, १९८९ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक. तिचं नाक मुद्दाम टक्कर मारण्यासारखं मजबूत केलेलं होतं. लाकडी जहाज पेटलं आणि हाताबाहेर गेलं, तर त्याला धडकून बुडवायचं, म्हणजे बाकीचा धक्का वाचेल. १९१४ च्या जुलैमध्ये इथला ग्रँड ट्रंक पॅसिफिक धक्का जळाला तेव्हा ती कामावर होती. १९४९ मध्ये वाफ काढून डिझेल-इलेक्ट्रिक केली, आणि मग ती मिनिटाला २२,८०० गॅलन फेकायची.

मी मुलाला घेऊन गेलो होतो. सगळं चकाचक, पितळ घासलेलं. पण यंत्रखोलीत उतरल्यावर वास नव्हता. तेलाचा, डिझेलचा, कशाचाच नाही. तुमच्या कॉटरबद्दल वाचून मला त्या वासाचीच आठवण झाली.

तळेगावकर

लेख चांगला आहे, पण मी थोडं वेगळं मांडतो. सव्वाशे वर्षं जुना सांगाडा हिवाळ्यात बर्फावर आपटत ठेवणं हा वारशाचा सन्मान आहे का? पोलाद थकतं. रिव्हेट ढिले होतात. एकदा तळाचा पत्रा फाटला तर बोटही गेली आणि माणसंही. ड्युवॉमिशसारखी तिला बांधून ठेवा, लोक बघतील, आणि बर्फ फोडायला नवी बोट घ्या. शिवाय १९२८ मध्ये जळून पुन्हा बांधली, १९५३ मध्ये इंजिनं बदलली, नाव दोनदा बदललं, तर जुनं उरलंय काय? भावना समजते, पण अग्निशमन हा सुरक्षेचा विषय आहे.

नदीकाठ

तळेगावकर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मलाही तो हिवाळ्यात दर वेळी पडतो. तरी माझं मत सांगते.

पुण्यातल्या आमच्या वाड्याचं मागचं अर्धं अंग पानशेतच्या पुरानंतर नव्याने बांधलं. छप्पर दोनदा बदललं. तरी आजी त्याला वाडाच म्हणायची, कारण उंबरा तोच आणि राहणारी माणसं तीच. कॉटरचंही मला तसंच वाटतं. ठाणं तेच, नदी तीच, काम तेच, आणि एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हातात दिलेलं. ते काम थांबलं की उरेल तो पत्रा.

दुसरं, बांधून ठेवलेली वस्तू सुरक्षित राहते असंही नाही. नदीकाठी 'ग्रेट नॉर्दर्न' नावाचं १८९७ चं कोठार होतं, विटांच्या भिंतींत पोलादी कणग्या. विजेवर चालणाऱ्या पहिल्या कोठारांपैकी एक. अनेक वर्षं रिकामं. डिसेंबर २०२१ च्या वादळात त्याची उत्तरेची भिंत कोसळली आणि नंतर सगळंच पाडलं. मी त्या दिवसांत रोज तिथून जात होते. उघड्या पडलेल्या कणग्या रस्त्यावरून दिसायच्या, पोट फाडल्यासारख्या. कुणी रोज आत जात असतं, विटा तपासत असतं, तर ते इतक्या सहज गेलं असतं असं मला वाटत नाही. बोटीवर रोज कुणीतरी असतं. गळती पहिल्या दिवशी कळते.

पण माणसांच्या जिवाचा तुमचा मुद्दा मी खोडून काढत नाही. ज्या वर्षी तिचा पत्रा तपासणाऱ्यांना भीती वाटेल त्या वर्षी तिने थांबावं, हे मलाही मान्य आहे.

नातू, नावांबद्दल विचारलंत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या वेळी ठाण्यात विचारून इथे लिहिते.

पावसाळी_सिॲटल

तळेगावकर, निवृत्त बोटीसुद्धा कधी लागेल सांगता येत नाही. न्यूयॉर्कची 'जॉन जे. हार्वी', १९३१ ची. शहराने कामावरून काढली, हौशी लोकांनी विकत घेऊन जपली. ११ सप्टेंबर २००१ ला मनोरे कोसळले तेव्हा जमिनीखालचे पाण्याचे नळ तुटले होते. तेव्हा ह्या बोटीने हडसन नदीचं पाणी तीन दिवसांहून जास्त काळ पुरवलं. सॅन फ्रान्सिस्कोत १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात तेच झालं. मरीना भागात नळ तुटले आणि 'फिनिक्स' बोटीने खाडीचं पाणी दिलं. त्या शहराने तर १९०६ चा भूकंप पाहिला होता. त्यानंतर १९०९ मध्ये त्यांनी दोन वाफेच्या बोटी घेतल्या, त्यातल्या एकीला १९०६ मध्ये जीव गेलेल्या अग्निशमन प्रमुखाचं, डेनिस सलिव्हन यांचं, नाव दिलं होतं.

गोदीकर

बराच वेळ लिहू की नको करत होतो.

माझे वडील मुंबई अग्निशमन दलात होते. १४ एप्रिल आमच्या घरी कधी सुट्टीचा दिवस नव्हता. त्या दिवशी ते पहाटे उठून गणवेशाचं पितळ घासायचे आणि भायखळ्याला स्मारकाशी जायचे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज पेटलं. कापसाच्या गासड्या आणि त्याच पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं. दुपारी आग दिसली, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आज देशभर तोच दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

वडील १९४४ नंतर बऱ्याच वर्षांनी भरती झाले, पण त्यांना शिकवणारे त्या दिवशी वाचलेल्यांपैकी होते. ते सांगायचे, आग आतून कुठे आहे ते कुणाला सापडत नव्हतं. बाहेरून जहाजाच्या अंगावरचा रंग फोड येऊन सुटत होता, म्हणजे त्या पत्र्यामागे जाळ आहे हे दिसत होतं. पत्रा कापायचं यंत्र आणलं ते चाललं नाही. दोन तास नुसतं पाणी ओतत राहिले. ९०० टनांच्या वर. हलले नाहीत.

नदीकाठताईंचा आकडा वाचला, मिनिटाला ५७,००० लिटर, आणि हिशेब करून बसलो. ९०० टन म्हणजे नऊ लाख लिटर. तुमच्या बोटीला सोळा मिनिटं. अशी एक बोट त्या धक्क्याला लागली असती तर?

बॉयलरवाला

गोदीकर, नमस्कार. तुमच्या वडिलांनाही.

तुमचा हिशेब बरोबर आहे. पण मनाला लागून राहू नये म्हणून सांगतो. कापसाची गासडी दाबून बांधलेली असते, पाणी वरून घरंगळून जातं आणि आत धुमसत राहते. आमच्याकडे बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगाला आग लागली की हाच अनुभव. वरून पाऊस पडला तरी चार दिवसांनी आत निखारा सापडतो. जेसीबीने ढीग उपसल्याशिवाय ती आग मरत नाही. जहाजाच्या पोटात उपसणार कुठे? वर स्फोटकं. पाणी जास्त मिळालं असतं तर जहाज लवकर बुडवता आलं असतं का, हा वेगळा विचार. पण त्या ६६ जणांनी जे केलं त्यात पाण्याची कमी हे एकच कारण नव्हतं.

गोदीकर

हो काका. वडीलही हेच म्हणायचे. तरी सोळा मिनिटं हा आकडा आता डोक्यातून जाणार नाही.

तळेगावकर

वर सगळं वाचलं. पत्र्याच्या तपासणीबद्दल माझं मत कायम आहे. पण नुसती बांधून ठेवा हे मी मागे घेतो. आणि गोदीकर, तुमच्या वडिलांचं नाव विचारत नाही, पण पुढच्या १४ एप्रिलला भायखळ्याला येईन.

केशर

नदीकाठ, मी सप्टेंबरमध्ये येतेय, या वेळी फक्त बोटीसाठी. कुठून बघायची?

नदीकाठ

ये गं, माझ्याकडेच उतर! मिशिगन ॲव्हेन्यूच्या उचलपुलाच्या बाजूने ये. जानेवारी १९५९ मध्ये बर्फाच्या लोंढ्याने सुटलेलं 'मायकेल के. ट्यूक्सबरी' जहाज ज्या पुलावर आदळलं आणि पूल पडला, तीच जागा. तिथून ठाणं जवळच आहे. वाऱ्याची दिशा बरोबर असेल तर भाजलेल्या ओटचा गोड वास येईल. नदीकाठी चीरिओसचा कारखाना अजून चालू आहे, आणि त्या वासावर गावातले लोक टीशर्ट छापतात. धान्य अजून पूर्ण गेलेलं नाही इथून.

आणि नातू, आज दुपारी ठाण्यात जाऊन आले. दारात उभ्या असलेल्या जवानाला मी तुमचा प्रश्न विचारला, आजोबांबद्दलही सांगितलं. त्याने दोनदा 'आगवाला' म्हणून पाहिलं, जमेपर्यंत. मग म्हणाला, भिंतीवरच्या जुन्या फोटोंत अधिकारी पुढे बसलेले असतात आणि मागच्या रांगेत बाह्या वर केलेले, काळ्या हातांचे चारपाच जण उभे असतात, त्यांच्याखाली नावं नाहीत. फोटो बघायला रविवारी सकाळी ये म्हणाला. जाते आणि इथे टाकते.

आगवाल्याचा_नातू

ताई, फोटो मोठा करून टाका. मला त्यांचे हात बघायचेत.